अठ्ठावीस विजय आणि एक रविवार : कॉलेज बास्केटबॉलमध्ये मोठं काय, जिंकणं की मार्चचा मान?

आजचा विषय आपल्यापैकी बऱ्याच जणांना जरा लांबचा वाटेल. अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल. पण ज्यांची मुलं, भाचे-पुतणे तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत, त्यांनी मार्च महिन्यात फोनवर 'ब्रॅकेट' हा शब्द नक्की ऐकला असेल. ज्यांनी वर्षभरात एकही सामना पाहिलेला नसतो, असे लोकसुद्धा त्या महिन्यात कोण जिंकणार याचा तक्ता भरतात. आज आपण त्या तक्त्यात जागा कशी मिळते, त्या जागेला एवढा मान का, आणि त्या मानापुढे वर्षभराच्या जिंकण्याचं काय होतं, ते पाहणार आहोत.

सुरुवात दोन संघांपासून करू. दोन्ही २०२४ सालचे.

पहिला संघ इंडियाना स्टेट. टेरे हूट नावाच्या गावातलं विद्यापीठ, लॅरी बर्ड इथलाच. या संघाने त्या हंगामात २८ सामने जिंकले आणि फक्त ६ हरले. आपल्या गटात, म्हणजे मिसुरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये, साखळीत पहिला नंबर. पण गटाच्या बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ड्रेक विद्यापीठाने त्यांना हरवलं.

दुसरा संघ नॉर्थ कॅरोलायना स्टेट. साखळी संपली तेव्हा १७ विजय आणि १४ पराभव. शेवटचे चार सामने तर सलग हरलेले. गटात दहावा नंबर. पण गटाच्या बाद स्पर्धेत या पोरांनी पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि करंडक उचलला.

मग मार्चमधला तो रविवार आला, ज्याला तिकडे 'सिलेक्शन संडे' म्हणतात. ६८ संघांची यादी जाहीर झाली. चौदा पराभव झालेला संघ आत, सहा पराभव झालेला बाहेर. आणि आत गेलेला संघ थेट शेवटच्या चारांत पोहोचला, १९८३ नंतर पहिल्यांदाच.

आता सांगा, या दोघांपैकी जास्त चांगलं वर्ष कोणाचं गेलं? पटकन उत्तर देऊ नका. आपण तासाभराने याच प्रश्नाकडे परत येऊ.

आधी व्यवस्था समजून घेऊ

तिथल्या वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. एवढे संघ एकमेकांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून तीसेक गट केलेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणायचं. प्रत्येक संघ साधारण तीस सामने खेळतो, त्यातले बरेचसे आपल्याच गटात. साखळी संपली की गटाची छोटी बाद स्पर्धा होते. ती जो जिंकेल त्याला राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे एनसीएए स्पर्धेत, थेट प्रवेश. उरलेल्या जागा निवड समिती भरते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. थेट प्रवेश साखळीतल्या पहिल्या नंबराला मिळत नाही, बाद स्पर्धेच्या विजेत्याला मिळतो. म्हणजे अडीच-तीन महिने घाम गाळून कमावलेला पहिला नंबर चार दिवसांत हातचा जाऊ शकतो. आणि हा निर्णय गटांनी स्वतःच घेतलाय, कोणी लादलेला नाही. आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरेंचा गट, बराच काळ अडून बसला होता. साखळीत पहिला येईल त्यालाच आम्ही पाठवू, असं त्यांचं धोरण. शेवटी २०१७ मध्ये त्यांनीही चार संघांची बाद स्पर्धा सुरू केली.

का केली? कारण बाद स्पर्धा टीव्हीवर दिसते, तिकिटं खपतात, आणि सातव्या नंबरच्या संघालाही मार्चपर्यंत आशा राहते. तोटा एकच. वर्षभर सर्वांत चांगला खेळलेला संघ घरी बसू शकतो.

मान आधी कोणाकडे होता?

आपल्याला वाटतं, एनसीएए स्पर्धा पहिल्यापासूनच सर्वांत मोठी असणार. तसं नाहीये.

१९३८ साली न्यूयॉर्कच्या क्रीडा पत्रकारांच्या पुढाकाराने एक स्पर्धा सुरू झाली, नॅशनल इन्व्हिटेशन टुर्नामेंट. थोडक्यात एनआयटी. आपल्याकडे एनआयटी म्हटलं की कोणाला इंजिनीअरिंग कॉलेज आठवतं, आणि नागपूरकरांना सुधार प्रन्यास. ही एनआयटी वेगळी! सामने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. पहिल्या वर्षी सहा संघ, विजेता टेम्पल विद्यापीठ.

एनसीएए स्पर्धा त्यानंतर एका वर्षाने, १९३९ मध्ये आली. आठ संघ. अंतिम सामना शिकागोजवळ इव्हान्स्टनमध्ये, ओरेगॉनने ओहायो स्टेटला ४६-३३ असं हरवलं. आणि ती स्पर्धा चक्क तोट्यात गेली. आज जिच्या प्रक्षेपणाचे करार अब्जावधी डॉलरचे होतात, तिची सुरुवात ही अशी.

त्या काळात न्यूयॉर्कला खेळायला मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. वर्तमानपत्रं तिथे, पैसा तिथे, प्रेक्षक तिथे. १९४४ ची युटा विद्यापीठाची गोष्ट ऐका. त्यांना दोन्हीकडून बोलावणं होतं. त्यांनी एनआयटी निवडली, आणि पहिल्याच सामन्यात केंटकीकडून हरले. तिकडे एनसीएएमधल्या आर्कान्सॉ संघाच्या माणसांना मोटार अपघात झाला आणि त्यांनी माघार घेतली. रिकाम्या जागी युटाला बोलावलं. युटा गेले आणि स्पर्धा जिंकून आले! मग रेड क्रॉसच्या मदतनिधीसाठी दोन्ही स्पर्धांच्या विजेत्यांचा सामना झाला. त्यातही युटाने एनआयटी विजेत्या सेंट जॉन्सला ४३-३६ ने हरवलं.

१९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. असं करणारा तो एकमेव संघ. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर ब्रॅडली विद्यापीठच. पण पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, गुणफरक ठरवून खेळण्याचं प्रकरण उघडकीला आलं. जुगाऱ्यांकडून पैसे घेतल्याबद्दल खेळाडूंना अटक झाली, आणि त्यात सिटी कॉलेजचेही खेळाडू होते. न्यूयॉर्क आणि गार्डन या नावांना जो डाग लागला, त्याची झळ एनआयटीलाही बसली.

तरीही १९७० पर्यंत एनआयटीचं वजन शिल्लक होतं. त्या वर्षी मार्केट विद्यापीठाचा कोच होता अल मॅग्वायर. संघ देशातल्या पहिल्या दहांत. एनसीएएने त्यांना घराजवळच्या विभागात न टाकता टेक्सासकडच्या विभागात टाकलं. मॅग्वायरने सरळ सांगितलं, आम्ही येत नाही. ते एनआयटीत गेले आणि जिंकले. अंतिम सामन्यात सेंट जॉन्सवर ६५-५३.

एनसीएएला हे झोंबलं. नंतर नियम आला : आमचं बोलावणं आलं तर आमच्याकडेच खेळायचं, नाहीतर हंगामानंतर कुठेच नाही.

बघा हं, मान कसा तयार होतो ते. नुसत्या चांगल्या खेळाने नाही. मान नियमाने तयार होतो. चांगल्या संघांना दुसरा पर्यायच ठेवला नाही की उरलेल्या स्पर्धेत उरलेलेच संघ जाणार. त्यात १९७५ मध्ये एनसीएएने संघांची संख्या ३२ केली आणि एका गटातून एकापेक्षा जास्त संघ घ्यायला सुरुवात केली. १९८५ ला ६४ झाले, २०११ पासून ६८. जागा वाढत गेल्या तशी एनआयटी रिकामी होत गेली. लोक चेष्टेने तिला 'नॉट इन्व्हायटेड टुर्नामेंट' म्हणायला लागले. न बोलावलेल्यांची स्पर्धा.

२००१ मध्ये एनआयटी चालवणाऱ्या न्यूयॉर्कच्या पाच विद्यापीठांनी कोर्टात धाव घेतली. तुमचा हा नियम म्हणजे मक्तेदारी आहे, असं त्यांचं म्हणणं. २००५ मध्ये तडजोड झाली. एनसीएएने ५ कोटी ६५ लाख डॉलर मोजले आणि एनआयटीच विकत घेतली. प्रतिस्पर्धी घरचाच झाला.

मानाची किंमत डॉलरमध्ये

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

एनसीएए स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांमागे संघाच्या गटाला 'युनिट' मिळतात. अलीकडच्या वर्षांत एका युनिटची किंमत सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर होते. पैसा विद्यापीठाला थेट मिळत नाही, गटाला मिळतो, मग गट वाटतो. मोठ्या गटांचे सहा-सात संघ जातात, त्यांचे युनिट भराभर साठतात. छोट्या गटाचा एकच संघ जातो. तो पहिल्या फेरीत हरला तर एक युनिट. एक जरी सामना जिंकला तरी गटातल्या सगळ्यांच्या तिजोरीत भर.

म्हणून काही गटांनी बाद स्पर्धेतच आपल्या चांगल्या संघांना सवलत ठेवलीय. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पहिल्या दोन संघांना थेट उपांत्य फेरीत बसवायची पद्धत आहे. आपला भारी संघ आपल्याच घरात ठेच लागून पडू नये, एवढाच हेतू.

कोचचंही तसंच. त्याच्या करारात मार्चमध्ये पोहोचल्याबद्दल बोनसची कलमं असतात. तीस सामन्यांत वीस जिंकून बाहेर राहिलेल्या कोचची खुर्ची डळमळते, आणि एका आठवड्यात नाव कमावलेल्या कोचला मोठी नोकरी मिळते. उदाहरण द्यायचं तर सेंट पीटर्स. न्यू जर्सीतलं छोटं विद्यापीठ. २०२२ मध्ये ते आपल्या गटाच्या साखळीत दुसरे होते, पहिलं होतं आयोना. पण बाद स्पर्धा सेंट पीटर्सने जिंकली, आणि पुढे केंटकी, मग मरे स्टेट, मग पर्ड्यू अशा तिघांना हरवून ते शेवटच्या आठांत गेले. पंधरावं मानांकन असलेला संघ तिथवर आधी कधीच पोहोचला नव्हता. त्यांचा कोच शाहीन हॉलोवे लगेच सीटन हॉलला गेला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि आयोना? साखळीत पहिला आलेला संघ? आज कोणाला आठवतो?

आठवण कशाची राहते?

व्हर्जिनिया विद्यापीठ, २०१८. अवघड गटात १८ पैकी १७ सामने जिंकले. गटाची बाद स्पर्धाही जिंकली. देशात पहिलं मानांकन. आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात मेरीलँड-बाल्टिमोर काउंटी नावाच्या सोळाव्या मानांकनाच्या संघाने त्यांना ७४-५४ असं हरवलं. पहिलं मानांकन सोळाव्याकडून हरण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती पहिलीच वेळ. त्या वर्षीचे ३१ विजय पुसले गेले, उरला तो एकच पराभव. पुढच्या वर्षी तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला म्हणून निदान गोष्टीचा शेवट गोड झाला.

केंटकी २०१५ मध्ये सलग ३८ जिंकून उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरले. गोन्झागा २०२१ मध्ये ३१ जिंकून अंतिम सामन्यात बेलरकडून हरले. एकही सामना न हरता विजेता झालेला शेवटचा संघ १९७६ चा इंडियाना. त्यानंतर कोणालाही ते जमलेलं नाही.

आपल्याला हे दुःख नवीन नाहीये. २०२३ चा क्रिकेटचा विश्वचषक आठवा. सलग दहा सामने जिंकले, आणि १९ नोव्हेंबरला अहमदाबादला अकरावा हरलो. त्या दहा विजयांबद्दल आपण किती वेळा बोलतो, आणि त्या एका संध्याकाळबद्दल किती वेळा?

हिशेबाने पाहिलं तर तीस सामने जास्त खरं सांगतात. चाळीस मिनिटांत काहीही होऊ शकतं. एखाद्याचे तिहेरी गुणांचे सगळे फटके बसतात, दुसऱ्याचा मुख्य खेळाडू फाउल्समुळे बाहेर बसतो. लोकांना तेच पाहायचं असतं. सर्वांत चांगला संघ कोणता हे शोधायला ही पद्धत कच्ची आहे, पण ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनाही एक दार उघडं ठेवते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

परत टेरे हूटला

आता इंडियाना स्टेटकडे येऊ. समितीची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचं म्हणणं असतं, २८ जिंकले खरे, पण कोणाविरुद्ध? छोट्या गटातले विजय आणि मोठ्या गटातले विजय एका तराजूत कसे तोलायचे? प्रश्न रास्त आहे.

पण यात एक मेख आहे. छोट्या विद्यापीठाला मोठे प्रतिस्पर्धी मिळत नाहीत, कारण मोठी विद्यापीठं त्यांच्या मैदानावर यायला तयार नसतात. हरलो तर नाचक्की, जिंकलो तर काही मिळत नाही. उलट ते छोट्यांना पैसे देऊन आपल्याकडे बोलावतात. म्हणजे आधी खेळायचं नाही, आणि नंतर म्हणायचं, तुम्ही आमच्यासारख्यांशी खेळलाच कुठे! अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, त्यातलीच ही गत.

तर त्या रविवारी इंडियाना स्टेटला एनआयटीचं आमंत्रण आलं. त्याच वर्षी बऱ्याच नावाजलेल्या संघांनी ते नाकारलं. सेंट जॉन्स, इंडियाना, पिट्सबर्ग, ओक्लाहोमा यांनी खेळायचं नाही ठरवलं. कारण नुसता ताठा नव्हता. खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची वाट, ज्याला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात, २०२४ मध्ये निवडीच्या दुसऱ्याच दिवशी उघडली. निम्मा संघ जाणार, नवा जमवायचा, त्यात ही दुय्यम स्पर्धा कशाला, असा व्यवहारी विचार.

इंडियाना स्टेट मात्र खेळले. घरच्या मैदानावर तीन सामने, तिन्ही जिंकले. मग इंडियानापोलिसच्या जुन्या हिंकल फील्डहाउसमध्ये उपांत्य सामना, तोही जिंकला. गावच्या गाव गाड्या करून गेलं. गॉगल घालून खेळणारा त्यांचा सेंटर रॉबी अविला देशभर ओळखीचा झाला. अंतिम सामन्यात समोर सीटन हॉल, तेही त्या रविवारी वगळलेले. आणि त्यांचा कोच? तोच शाहीन हॉलोवे! सीटन हॉल ७९-७७ ने जिंकले. दोन गुणांनी.

इंडियाना स्टेटचा हंगाम ३२ विजय आणि ७ पराभवांवर संपला. काही दिवसांत कोच जॉश शर्ट्झ सेंट लुइस विद्यापीठात गेला, पाठोपाठ अविलाही. तो संघ परत एकत्र खेळला नाही.

मग उत्तर काय?

आम्हाला असं वाटतं की प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. मान की जिंकणं, असं म्हटलं की दोन वेगळ्या वस्तू आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात कोणतं जिंकणं मोजायचं हे मान ठरवतो. १९४४ मध्ये न्यूयॉर्कचं जिंकणं मोजलं जायचं, आज मार्चमधल्या त्या तक्त्यातलं मोजलं जातं. ही मोजपट्टी माणसांनी बनवलीय : नियम करून, पैसे मोजून, कोर्टात तडजोड करून. म्हणजे ती निसर्गाचा कायदा नाही.

विद्यापीठाच्या हिशेबनिसाला विचाराल तर मान मोठा, यात शंका नाही. तो खोटं बोलत नाही. कोचला विचाराल तर तोही तेच म्हणेल. पण खेळणाऱ्या पोराच्या हातात चारच वर्षं असतात, आणि त्यातला बहुतेक काळ साध्या मंगळवारी, अर्ध्या भरलेल्या मैदानावर जातो. ते सामने मोजायचेच नाहीत असं ठरवलं तर त्याच्या खेळाचा नव्वद टक्के भाग आपण वाया गेला असं म्हणतोय.

सुरुवातीचा प्रश्न : कोणाचं वर्ष चांगलं गेलं? नॉर्थ कॅरोलायना स्टेटचं वर्ष अद्भुत होतं, ते पुढे पन्नास वर्षं सांगितलं जाईल. पण दर आठवड्याला चांगलं खेळण्याचं वर्ष इंडियाना स्टेटचं होतं. आम्हाला निवडायला सांगाल तर आम्ही ते निवडू. आणि ज्यांनी एनआयटी नाकारली, त्यांच्याबद्दल एवढंच म्हणू, की त्यांनी मान राखला असेल, पण शेवटच्या वर्षातल्या मुलांचे दोन-चार सामने कायमचे गेले.

श्रोत्यांमधून आलेले दोन प्रश्न

*मग साखळीतल्या पहिल्या नंबरालाच थेट प्रवेश द्यावा का?*

छोट्या गटांपुरतं तरी द्यावा, असं आमचं मत आहे. मोठ्या गटातला पहिला नंबर तसाही आत असतोच. फटका बसतो तो छोट्यांना. २००६ नंतर काही वर्षं एक मधला मार्ग होता. साखळीत पहिला येऊन राष्ट्रीय स्पर्धा हुकलेल्या संघाला एनआयटीत हक्काची जागा मिळायची. २०२४ साठी ती हमी काढली आणि त्याऐवजी सहा मोठ्या गटांना राखीव जागा दिल्या. पुन्हा मोजपट्टी बदलली, आणि कोणाच्या बाजूने, ते उघड आहे.

*दुय्यम स्पर्धा जिंकून खरंच काही मिळतं का?*

मार्केटचं उदाहरण बघा. १९७० मध्ये एनआयटी जिंकलेला तोच अल मॅग्वायर १९७७ मध्ये एनसीएए विजेता झाला, कोच म्हणून आपल्या शेवटच्या सामन्यात. पहिल्यामुळे दुसरं झालं असं आम्ही म्हणणार नाही. पण जिंकायची सवय लागायला सामने खेळावे लागतात, आणि घरी बसून ते खेळता येत नाहीत.

आज इथेच थांबू. येत्या मार्चमध्ये कोणी ब्रॅकेट पाठवला तर भरा जरूर. पण भरून झाल्यावर, त्या तक्त्यात ज्यांचं नाव नाही त्यांच्यापैकी एखादा पंचवीस-अठ्ठावीस सामने जिंकलेला संघ शोधा, आणि त्याचाही एक सामना बघा.